तेल भरपूर, तरी केस कोरडे: पेकहॅममधलं एक प्रकरण

केस तेलाने चपचपलेले, उशीच्या अभ्र्यावर डाग पडलेले, आणि तरीही बट चिमटीत धरली तर काथ्यासारखी करकरीत. घट्ट कुरळ्या केसांच्या आफ्रिकी आणि कॅरिबियन बायकांकडून ही तक्रार मी लंडनमध्ये वारंवार ऐकते. त्यातलं एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून पाहता आलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ती नायजेरियाची, लागोसमध्ये वाढलेली, योरुबा समाजाची. तिशीच्या आसपासची, पेशाने नर्स, आग्नेय लंडनमधल्या पेकहॅमला राहते. लिहायला तिची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी माटुंग्याला, रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, तेलाच्या विभागात शिकले आणि शाम्पू-कंडिशनरच्या धंद्यात पोट भरते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिच्या केसांना पहिल्यांदा रिलॅक्सर लागलं तेव्हा ती शाळेत होती. रिलॅक्सर हे केस कायमचे सरळ करणारं जहाल अल्कधर्मी मलम. काहींत कॉस्टिक सोडा असतो, काहींत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट ऐन वेळी एकत्र कालवतात. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं आणि तेवढा केस सरळ होतो तो झालाच. मुळातून येणारा नवा केस मात्र कुरळाच येतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’चे निष्कर्ष आले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादनं वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण, ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसलं होतं. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे तिलाही कळत होतं. शेवटी नर्स आहे. पण तेवढं निमित्त पुरलं. तिने सरळ झालेला सगळा भाग कापून टाकला. या कापण्याला त्यांच्यात ‘बिग चॉप’ म्हणतात आणि तो बऱ्यापैकी गाजावाजा करून करतात.

त्यानंतर तिने ठरवलं, आता डोक्याला कारखान्यातलं काही लावायचं नाही. पेकहॅमच्या राय लेनवर हिंडलं तर हा निश्चय पाळणं अगदी सोपं आहे. या भागाला लोक ‘लिटल लागोस’ म्हणतात. दुकानांत शिया या आफ्रिकी झाडाच्या बियांतून काढलेल्या लोण्याचे पिवळट गोळे, बाटल्यांतलं काळं एरंडेल, साबणाच्या तपकिरी वड्या, केसांच्या जुड्या अगदी छतापर्यंत रचलेल्या असतात, आणि गल्ल्यावर बऱ्याचदा आपल्या उपखंडातला माणूस. तिथून तिने आणलं ते असं: धुण्यासाठी ‘ओशे दुडू’ म्हणजे योरुबांचा काळा साबण, मऊपणासाठी शिया, शिवाय खोबरेल, आणि कपाळाच्या कडेचे विरळ झालेले केस पुन्हा यावेत म्हणून जमैकन काळं एरंडेल. केस तीन-तीन आठवड्यांनी धुवायचे आणि रोज रात्री कोरड्या केसांवर तेल चोळायचं, अगदी डोक्याच्या कातडीपर्यंत. सकाळी केस कडक लागले की रात्री आणखी तेल.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. मी पहिल्यांदा तिचे केस हातात घेतले तेव्हा बोटांना तेल लागलं, पण त्या तेलाखाली काहीतरी खरखरीत होतं. बट वाकवली की तुटायची. टोकाला एकेका केसाच्या बारीक गाठी पडलेल्या. मुळाशी पिवळसर, चिकट कोंडा. पाण्याचा एक थेंब बटेवर सोडला तर तो मण्यासारखा तसाच बसून राहिला.

“आंटी, मी कमी लावते का?” तिने विचारलं.

कमी लावत नव्हती. आणि बहुतेक सल्ले चुकतात ते इथेच: केस कोरडे म्हणजे तेल कमी, हे समीकरण. ते आपल्याकडेही आहे. आपल्या सरळ किंवा लाटांच्या केसांवर ते खपून जातं, कारण टाळूतून पाझरणारा नैसर्गिक तेलकटपणा केसावरून खाली उतरतो आणि वरून लावलेलं तेल केस एकमेकांवर घसरते ठेवतं. घट्ट कुरळ्या केसाचं गणित वेगळं आहे. त्याचं मूळच कातडीखाली वाकडं असतं, आडवा छेद चपट्या अंडाकृतीचा असतो आणि केस दर काही मिलिमीटरवर वळण घेतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून खाली पोचत नाही. प्रत्येक वळणावर केसाच्या वरच्या खवल्यांवर ताण येतो आणि तिथेच तो मोडतो. वाढही संथ असते. मोजमापांमध्ये आफ्रिकी केस दिवसाला सरासरी २५६ मायक्रोमीटर वाढलेले दिसले, गोऱ्या लोकांचे ३९६. म्हणजे महिन्याला जेमतेम पाऊण सेंटीमीटर. टोकं तुटत राहिली तर केस वाढतच नाहीत असं वाटतं, आणि तिला तसंच वाटत होतं.

गंमत अशी की केसाच्या आतला स्निग्धांश मोजला तर तो आफ्रिकी केसांत इतरांपेक्षा जास्तच निघतो. तेव्हा केसाच्या आत स्निग्धतेची उणीव आहे, असं नाही. केसाला मऊ करतं ते पाणी. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, आणि केराटिन पाणी शोषून लवचीक होतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर केस स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी धरून असतो, पूर्ण दमट हवेत ३० टक्क्यांच्या आसपास. लागोस समुद्राकाठचं, वर्षभर दमट शहर. तिथे हवाच केसांना पाणी पाजते. लंडनच्या हिवाळ्यात घरात रेडिएटर चालू, खिडक्या बंद आणि हवा कोरडीठाक. तोच केस, तेच तेल, पण खालचं पाणी गेलेलं.

आणि तेल पाणी देत नाही. कुठल्याच शुद्ध तेलात पाणी नसतं, शियात नाही, खोबरेलात नाही, एरंडेलातही नाही. उलट केसावर बसलेला तेलाचा थर हवेतली वाफ आत शिरण्याचा वेगही कमी करतो. कोरड्या केसावर रोज रात्री तेलाचा नवा थर चढवणं म्हणजे कोरडेपणाच आतमध्ये राखून ठेवणं. तिच्या बटेवर तो थेंब नुसता बसून राहिला त्यात नवल नव्हतं.

मात्र इतकंच असतं तर केस तेलकट आणि निर्जीव लागले असते, करकरीत लागले नसते. करकरण्याला दुसरं काहीतरी कारण असणार होतं.

ते सापडलं न्हाणीघरात. टबच्या कडेला राखाडी-पांढरी साय जमली होती, नखाने खरवडली की निघायची. काळा साबण हा खराखुरा साबण आहे: कोकोच्या फळांची टरफलं, केळ्यांच्या जातीतल्या प्लँटेनच्या साली जाळायच्या, त्या राखेतल्या पोटॅशात पामच्या बियांचं तेल शिजवायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तम रसायनशास्त्र आहे ते. पण साबण आणि कठीण पाणी यांचं जमत नाही. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं, किटलीच्या तळाशी चार दिवसांत पांढरा थर धरतो. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला चिकट थर बसतो, त्याचं कारण हेच. टबाला बसला तो थर तिच्या केसांवरही बसत होता. वर साबण अल्कधर्मी, त्यामुळे केसाचे खवले उघडलेले. त्या उघड्या खवल्यांत साका अडकलेला, आणि त्यावर वर्षभराचं तेल. शिया आणि एरंडेल दोन्ही जड. एवढा थर सौम्य धुण्याने निघणार नव्हता.

तिला हे पटेना. काळा साबण दोषी, हे ऐकायला तिला वाईटच वाटलं, आणि तेही मी समजू शकते. रिलॅक्सर सोडताना तिने एका अर्थी आजीकडे परत जायचं ठरवलं होतं. आता कोणी तरी येऊन सांगत होतं की त्यातलीच एक वस्तू केस बिघडवते आहे. वाद घालत बसण्यापेक्षा डोक्यावरच पाहू, असं ठरलं.

तिने केसांचे चार भाग पाडले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबर. पहिला भाग नेहमीसारखा: काळा साबण, वाळल्यावर शिया आणि एरंडेल. दुसरा भाग ईडीटीए असलेल्या शाम्पूने धुतला. ईडीटीए कॅल्शियमला धरून पाण्याबरोबर काढून नेतं; पोहणाऱ्यांसाठी किंवा कठीण पाण्यासाठी म्हणून विकले जाणारे शाम्पू बहुधा याच जातीचे असतात. धुऊन वाळल्यावर मात्र नेहमीचंच तेल. तिसरा भाग त्याच शाम्पूने धुतला, कंडिशनर लावून गुंता सोडवला आणि केस निथळत असतानाच अगदी थोडं तेल, टोकांना शिया. चौथ्याला तोच शाम्पू आणि कंडिशनर, तेल मात्र मुळीच नाही. चारही भागांचे दोन पेडांचे पीळ घातले, ज्यांना ते ट्विस्ट म्हणतात, आणि रात्री साटिनचं बॉनेट, म्हणजे केस झाकणारी सैल टोपी. तिची मावसबहीण तिच्याबरोबर राहते. कुठल्या भागाला काय लावलं हे तिला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी हात लावून तिने फक्त मऊ की कडक एवढं सांगायचं.

पहिला भाग पहिल्या दिवसापासून कडक. यात काही नवीन नव्हतं. दुसऱ्यातला करकरीतपणा एका धुण्यात गेला. बहीण म्हणाली, याला काय केलंत? पण दोन दिवसांत तो भाग रुक्ष लागायला लागला, वरून तुळतुळीत आणि आतून कोरडा. चौथा, बिनतेलाचा, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत हलका आणि मऊ होता, तिला स्वतःला तोच आवडला होता. आठवड्याच्या मध्यावर मात्र तो विसकटून कोरडा पडला. तिसरा भाग पुढच्या धुण्यापर्यंत टिकला.

मला या प्रयोगातला चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर “तेल सोडा” असा सल्ला देऊन मोकळं होता आलं असतं, आणि हल्ली तसं सांगणारे पुष्कळ आहेत. या केसांना तेल हवंच आहे. फक्त ते पाण्यानंतर हवं आणि थोडं हवं. तेलाने ओलावा “कोंडला जातो” असं जे म्हणतात ते पुरतं खरं नाही. केस हळूहळू हवेबरोबर समतोल साधणारच. तेल तो वेग कमी करतं, केसांची एकमेकांवरची घासाघीस कमी करतं, आणि वळणावर तुटणं वाचवतं. आठवडाभर पुरेल इतका फरक त्यातून पडतो.

आता कुठलं तेल. इथे मला माझ्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला, आणि तिच्या आईचा जास्त.

खोबरेलाबद्दल मुंबईतलं एक काम जगभर उद्धृत होतं. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना-विंचरताना केसातून जे प्रथिन निघून जातं ते तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी पॅराशूट विकणारी, तेव्हा तिचा स्वार्थ ध्यानात ठेवायला हवा. पण कारण रसायनात दिसतं. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी आखूड आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेबरोबर झालेल्या पुढच्या कामातही खोबरेल आत शिरताना दिसलं, खनिज तेल वरच राहिलं. आत शिरलेलं तेल केसाला पाण्यात भसाभस फुगू देत नाही, आणि वारंवार फुगून आकसणं हेही केस कमजोर होण्याचं एक कारण आहे. म्हणून धुण्याआधी काही तास किंवा आदल्या रात्री खोबरेल लावणं हा मला सर्वांत भक्कम आधार असलेला तेलाचा उपयोग वाटतो. अंघोळीआधी तेल लावायची आपली जुनी रीत काही अडाणी नव्हती.

हे मी तिला सांगत होते तेव्हा तिने आईला फोन लावला. आईने लागोसहून जे सांगितलं त्याने मीच चकित झाले. आजी मुलींच्या केसांना ‘आदिन’ लावायची, आणि तेही धुण्याच्या आदल्या दिवशी. आदिन म्हणजे पामच्या बीच्या गराचं तेल. फळाच्या गरातून निघणारं लालभडक पाम तेल ते नव्हे. या बियांच्या तेलात लॉरिक आम्ल जवळपास खोबरेलाइतकंच असतं. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही सख्खी भावंडं. धुतल्यावर केस ओले असतानाच ‘ओरी’, म्हणजे शिया, तळहातांवर चोळून वितळवायची आणि पुसट हात फिरवायची. मग काळ्या दोऱ्याने बटा गुंडाळायच्या. दोरा गुंडाळण्याच्या या पद्धतीला योरुबात ‘इरुन किको’ म्हणतात; त्यामुळे केस आचेशिवाय ताणले जातात आणि उघडे राहून वाळत नाहीत.

“आणि मधल्या दिवसांत?” मी विचारलं.

“पाण्याचा हात,” आई म्हणाली. “तेल रोज कोण लावतं? आम्हाला परवडत होतं का ते?”

म्हणजे क्रम आजीकडे होता. आत शिरणारं तेल धुण्याआधी, पाणी, मग ओल्या केसावर जड स्निग्ध पदार्थाचा पातळ थर, मग बांधून ठेवणं, आणि मधे फक्त पाणी. लागोस ते लंडन या प्रवासात वस्तू आल्या, क्रम मागे राहिला. माझ्या मते या प्रकरणाचं निदान इतकंच आहे.

शियाबद्दल थोडं. हे झाड सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात वाढतं, बहुतेक आपोआप उगवलेलं, आणि बिया गोळा करण्यापासून लोणी काढण्यापर्यंतचं काम मुख्यतः बायकांच्या हातचं. स्टिअरिक आणि ओलिक आम्लांचं ते मिश्रण थंडीत घट्ट असतं आणि तळहाताच्या उबेने विरघळतं. आत शिरण्यात ते खोबरेलाच्या मागे, पण वर थर धरून राहण्यात पुढे. टोकांसाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला ठाऊक नाही. लंडनमध्ये त्याची एक खोड दिसते: वितळवून हळूहळू थंड होऊ दिलं की त्यात रवाळ कण होतात. वितळवलं की सरळ फ्रीजमध्ये ठेवायचं, मग लोणी गुळगुळीत राहतं. तिने तीन भाग शिया आणि एक भाग खोबरेल असं मिश्रण करून ठेवलं. नुसतं खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे तिथे जवळजवळ वर्षभर बरणीतून खरवडून काढावं लागतं. मिश्रण बोटाने सहज घेता येतं.

एरंडेल मी तिला बंद करायला सांगितलं. काळं एरंडेल बिया भाजून काढतात, त्यातली राख रंगाला कारण. पण काळं असो की साधं, त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि ते कमालीचं दाट असतं. त्याने केस उगवतात याला भरवशाचा पुरावा नाही. उलट २०१७ मध्ये भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका तरुणीची नोंद छापली होती: लांब केसांना तेल लावून धुतल्यावर ते एकाएकी लगद्यासारखे घट्ट गुंतले, सुटेनात, शेवटी कापावे लागले. त्यांनी बोट एरंडेलाकडे दाखवलं. असं क्वचितच होतं. पण ज्या केसात मुळातच गाठी पडतात त्यात इतकं चिकट तेल ओतायचं कशाला?

जवस मात्र मी माझ्या डब्यातून दिलं. जवस पाण्यात उकळून गाळलं की बुळबुळीत जेल मिळतं. पीळ घालताना केस धरून ठेवायला ते बाजारच्या जेलइतकंच चालतं. हे त्यांच्यातही माहीत आहे, घरोघरी करतात. जवसाच्या चटणीवर वाढलेल्या मला ते केसांसाठी उकळताना पाहून थोडं अपराधी वाटलं. फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं, नाहीतर आंबतं.

राहिला कोंडा. डोक्याच्या कातडीवर मलासेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच असतं आणि ते स्निग्ध पदार्थांवर जगतं. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर वरून ऑलिव्ह तेल सोडतात. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या कातडीला ओलिक आम्लाने जळजळही होते, आणि शियात ओलिक आम्ल भरपूर. टाळूला तेल चोळण्याची सवय आफ्रिकी घरांत तितकीच जुनी आहे जितकी आपल्याकडे, आणि कोंडा दिसला की “टाळू कोरडी पडली” म्हणून आणखी चोळणं हेही दोन्हीकडे सारखंच. चिकट, पिवळसर कोंडा हा कोरडेपणाचा नव्हे. मी तिला औषधाच्या दुकानात फार्मासिस्टकडे पाठवलं; तिथून दोन टक्के कीटोकोनाझोलचा, म्हणजे यीस्टवरच्या औषधाचा, शाम्पू मिळाला. तो फक्त कातडीवर, पाच मिनिटं, आणि केसांना लगेच कंडिशनर, कारण हा शाम्पू केसाला रुक्ष करतो. टाळूचं तेल पूर्ण बंद. खाज काही आठवड्यांत ओसरली.

तिच्या धुण्याच्या दिवसाचं, म्हणजे ‘वॉश डे’चं, रूप मग असं ठरलं. आदल्या रात्री केसांच्या लांबीवर खोबरेल किंवा आदिन, मुळाशी नाही. सकाळी शाम्पू, महिन्यातून एकदा ईडीटीएवाला, एरवी सौम्य. काळा साबण अंगासाठी, केसांसाठी नाही. भरपूर कंडिशनर लावून, केस ओले असतानाच, टोकाकडून मुळाकडे बोटांनी गुंता सोडवायचा; फणी शेवटी. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. निथळत्या केसांना पाण्यावर आधारलेलं लीव्ह-इन, म्हणजे न धुता तसंच राहू द्यायचं कंडिशनर, मग सगळ्या डोक्याला मिळून चमचाभर तेल, टोकांना शियाचं मिश्रण. पीळ घालायचे. रोज रात्री बॉनेट. मधल्या दिवसांत स्प्रेच्या बाटलीतून पाणी आणि त्यावर फक्त ओला हात. आठवड्याला एकदा धुवायचं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही आफ्रिकी केसांसाठी आठवड्याने किंवा पंधरवड्याने धुणं सुचवते. तीन आठवडे फार झाले.

अडचण वेळेची होती. नर्सच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि वॉश डेला अर्धा दिवस जातो. तिने तो सुट्टीच्या दिवशी बहिणीबरोबर करायला घेतला. कधी आठवडा चुकला तर दोन आठवड्यांनी. तेवढ्याने काही बिघडलं नाही.

करकरीतपणा पहिल्याच धुण्यात गेला हे वर आलंच आहे. तुटणं कमी व्हायला वेळ लागला, कारण आधी तुटलेली टोकं कापूनच टाकावी लागली. गाठ पडलेल्या केसाला कुठलंच तेल दुरुस्त करत नाही. तीन-चार महिन्यांनी ताणून पाहिलं तर केस वाढलेले दिसले, तेही पाऊण सेंटीमीटरच्या हिशेबाने जेवढे दिसायला हवेत साधारण तेवढेच. म्हणजे आधीही ते वाढतच होते, टिकत नव्हते.

कपाळाच्या कडेचे विरळ केस मात्र जसेच्या तसे राहिले. तिथे मला तेलाचा प्रश्न कधीच वाटला नव्हता. लहानपणापासूनच्या घट्ट कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, आणि जोडलेल्या केसांच्या वेण्यांनी मुळं ओढली जातात, आणि वर्षानुवर्षं ओढली गेली की तिथे व्रण तयार होऊन केस परत येत नाहीत. लवकर लक्ष दिलं तर येऊ शकतात. मी तिला लोण्या-तेलांत आणखी वेळ न घालवता डॉक्टरकडे जायला सांगितलं. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं आहे, तपासणी व्हायची आहे. तोवर वेण्या सैल, आणि दुखलं की लगेच सोडायच्या. “सुंदर दिसायचं तर थोडं दुखणारच” असं सांगणाऱ्या कुठल्याही केस विणणारीचं ऐकायचं नाही, हेही तिला बजावलं आहे.

मावसबहिणीने हाच क्रम स्वतःवर करून पाहिला. तिचे केस रिलॅक्सरचे आणि वर रंगवलेले. तिला तो जसाच्या तसा चालला नाही. रसायनांनी खवले उखडलेला केस पाणी चटकन पितो आणि तितक्याच चटकन सोडतो. मधल्या दिवसांत नुसता पाण्याचा हात तिला पुरेना, उलट सारखं भिजवून केस मऊ पडून लिबलिबीत झाले. तिच्यासाठी स्प्रे बंद केला, धुण्याआधीचं खोबरेल दर वेळी सक्तीचं केलं आणि शियाचा थर थोडा जाड ठेवला. रिलॅक्सर सोडायचा की नाही, यावर त्या दोघींचा वाद अजून चालू आहे आणि त्यात मी पडत नाही.